नकाशा आधी भिंतीवरून खाली काढा

प्रश्न : ताई, मी तिसरी-चौथीला भूगोल शिकवते. नकाशात उत्तर दिशा मुलं बरोबर दाखवतात, पण मैदानात नेऊन उत्तर कुठे विचारलं तर निम्मी मुलं आभाळाकडे बोट करतात! 'नकाशाची वरची बाजू उत्तर' हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका

उत्तर : अहो, मुलं बरोबरच करतायत. वर म्हणजे उत्तर हे आपणच शिकवलं, आणि वर म्हणजे आभाळ हे त्यांना आधीपासून माहीत आहे. दोष असलाच तर भिंतीवरच्या खिळ्याचा, नकाशा उभा टांगला की त्याचं जमिनीशी नातंच तुटतं. तो खाली काढा, जमिनीवर पसरा, उत्तरेकडे उत्तर येईल असा फिरवा आणि मुलांना भोवती गोल बसवा, कोणाला उलटा दिसेल कोणाला आडवा, दिसू दे. वर उत्तर हा काही निसर्गाचा नियम नाही, अल्-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे, हे सांगितलं की मुलांना जाम मजा येते.

आता उत्तर शोधायची कशी, तर मोबाइलमध्ये होकायंत्र असतं पण मी म्हणेन काठी घ्या. उन्हात काठी उभी रोवायची, सावलीच्या टोकाला एक दगड ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबून नवीन टोकाला दुसरा दगड. पहिल्या दगडावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा ठेवून उभं राहिलं की तोंड साधारण उत्तरेकडे होतं, कारण सूर्य पश्चिमेकडे सरकतो तशी सावली पूर्वेकडे सरकते. भर दुपारच्या सुमारास केलं तर जास्त बरोबर येतं.

पण खरी अडचण दिशेची नाहीच, वरून बघण्याची आहे. या वयाच्या मुलाला टेबल काढायला सांगा, चारही पाय चार दिशांना फाकवून काढेल. म्हणून आधी कंपासपेटी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवू दे, मग डस्टर, मग डबा, वरून बघितलं की वस्तूचा नुसता ठसा उरतो हे हातालाच कळतं. त्यानंतर वर्गाचा नकाशा. आधी पावलांनी मोजायचा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, भांडणं होतात, मग टेप आणायची. १ मीटरला १ सेंमी धरलं तर ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद वर्ग कागदावर ८ बाय ६ सेंमीचा होतो, झालं की प्रमाण शिकवून. शेवटी खडू कुठेतरी लपवा, नकाशात फुली मारा आणि दुसऱ्या गटाला शोधायला लावा. बाक की कपाट हेच कळेना झालं की मुलं स्वतःहून खुणांची सूची मागतात. माझ्या मते हे होईपर्यंत नद्यांची आणि राजधान्यांची नावं पाठ करून घ्यायची काही घाई नाही.

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. पृथ्वी गोल आहे म्हणते, पण चित्रात सगळी माणसं गोलाच्या आत सपाट जमिनीवर उभी! हसू की काळजी करू?
– एक बाबा

उत्तर : दोन्ही नको, ती अगदी नॉर्मल आहे. व्होस्नियाडू आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये नेमकं हेच मांडलं, की काही मुलांची पृथ्वी आतून पोकळ असते आणि काहींच्या तर दोन असतात, एक आकाशातली गोल आणि एक आपली सपाट. डोळ्यांना दिसतं सपाट, मोठे सांगतात गोल, मग लेकरू दोन्ही जुळवणारच ना. तिला खुपतंय ते 'खालचे लोक पडतील' हे, म्हणून पृथ्वीगोलावर चारही बाजूंनी कागदी माणसं पाय टेकवून चिकटवा आणि प्रत्येकाला 'तुझं खाली कुठे' विचारा. सगळ्यांचं खाली गोलाच्या मध्याकडेच येतं. एका दिवसात पटणार नाही, महिन्याभराने परत विचारा.

प्रश्न : उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं चौथीतल्या मुलाला सांगितलं तर चालेल का?
– एक आई

उत्तर : नको हो, नंतर खोडायला फार त्रास होतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४.७ कोटी किमी, आणि सर्वात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हाच ती जवळ! सध्या फक्त अंधारात टॉर्च कागदावर सरळ धरा, मग तिरका धरा. सरळ धरला की छोटा लख्ख गोल, तिरका धरला की तोच उजेड पसरून फिका पडतो. उन्हाळ्यात ऊन जास्त सरळ पडतं, थंडीत तिरकं, एवढंच सांगा. पृथ्वीच्या आसाचा २३.५ अंशांचा कल वगैरे पुढे एक-दोन वर्षांनी बघा.