आईसाठी शुश्रूषा केंद्र कसं पारखू?

प्रश्न : आईला पक्षाघात झालाय, उजवी बाजू हलत नाही. पुण्यातल्या एका निवासी शुश्रूषा केंद्रात ठेवायचा विचार आहे. इमारत छान आहे. आणखी काय बघू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, इमारत राहू द्या. मी वॉर्डात सिस्टर होते, म्हणून आधी विचारीन : सध्या इथे किती जणांना बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, आहेत? ज्यांना स्वतः हलता येत नाही, त्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. कूस बदलल्याची नोंदवही मागा. दिवसरात्रीच्या सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात असतील, तर त्या एकदमच बसून भरल्याची मला शंका येते. आई तिथे राहायला लागली की दर भेटीत तिच्या टाचा आणि माकडहाड बघा. दाबूनही लाली जात नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात.

आणि न सांगता जेवणाच्या वेळी जा. पक्षाघातात गिळताना ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. रुग्णांना नीट बसवून, सावकाश भरवतात का? पाठीवर आडवं ठेवून घास कोंबताना दिसले, तर आईला तिथे ठेवूच नका. रात्री किती माणसं असतात, दर महिन्याला वजन लिहितात का, हेही विचारा.