वाचकांचे प्रश्न : ट्रायथलॉनसाठी पहिली रोड बाइक

प्रश्न : ताई, नोकरी सांभाळून ट्रायथलॉनची तयारी करतोय. पोहणं-पळणं बरं जमतं, सायकल मात्र अजून उसनी आणतो. पुढच्या वर्षी ऑलिंपिक अंतराची (दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं) स्पर्धा करायची आहे, जमलंच तर नंतर त्याहून लांबची हाफ आयर्नमन. मित्र म्हणतात, थेट ट्रायथलॉन बाइकच घे, नाहीतर दोनदा खर्च होईल. दुकानात एक कार्बनची एरो, म्हणजे वारा कापायला घडवलेली रोड बाइक सवलतीत आहे, फ्रेमचं माप ५४. बसल्यावर हात ताणले जातात, पण दुकानदार स्टेम (हॅंडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून देतो म्हणतो. त्याच कंपनीची ५२ ची ॲल्युमिनियमची एन्ड्युरन्स बाइक (लांब पल्ल्याला आरामात बसायची) अंगाला बरोबर बसते, पण दिसायला अगदीच साधी. उंची १६८ सेंटिमीटर. काय घेऊ?

उत्तर : ५२ घ्या. सवलत सायकलीवर आहे, तुमच्या हातांच्या लांबीवर नाही.

स्टेम बदलून मिळेल, त्यात खोटं काही नाही. पण तो आखूड केला की हॅंडल जवळ येतं आणि सायकल जरा उतावीळ होते. सरळ रस्त्यावरही सारखी सांभाळावी लागते. त्यातून हल्लीच्या बऱ्याच एरो बाइकमध्ये स्टेम आणि हॅंडल एकसंध असतात, ब्रेकचे होज, म्हणजे नळ्या, आतून गेलेल्या. तिथे स्टेम बदलायचा म्हणजे सायकलीचं पुढचं अंग सगळं उघडायचं. मग कुणीतरी म्हणेल, ‘सीट थोडी पुढे सरकवू.’ हात पुरावेत म्हणून सीट कधी सरकवू नये. सीटची जागा पाय ठरवतात.

५२ हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. एका कंपनीचं ५२ ते दुसरीचं ५४ असू शकतं. म्हणून तक्त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. फ्रेम पुढून किती उंच ते स्टॅक, किती लांब ते रीच. एन्ड्युरन्स फ्रेमचा सहसा स्टॅक जास्त आणि रीच कमी, त्यामुळे पाठ आणि मान लवकर बोलू लागत नाहीत. सायकलवरून उतरून लगेच पळायचं असणाऱ्याला यापरतं काय हवं? गणितच मांडू. ताशी ३० ऐवजी ३२ किलोमीटरने गेलात, तर ४० किलोमीटरला पाच मिनिटं वाचतात. पाठ आखडून उतरलात, तर पुढच्या १० किलोमीटरच्या पळण्यात ती पाच मिनिटं कधी गेली ते कळतही नाही.

आता मित्रांचा मुद्दा. ट्रायथलॉन बाइकची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, रोड बाइकपेक्षा उभी असते, साधारण ७६ ते ८० अंश. रोड बाइकची ७३ च्या आसपास. त्यामुळे कोपरं टेकवून खाली वाकलं तरी मांडी पोटात घुसत नाही. वारा कापायला ही बैठक उत्तमच. पण तिचे गिअर एरोबारच्या (कोपरं टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांच्या) टोकाला आणि ब्रेक बाहेरच्या हॅंडलवर, म्हणजे ब्रेक दाबायचा तर आधी हात हलवायचे. रहदारीत, उतारावर, चार जणांच्या घोळक्यात मला तरी हा प्रकार नको वाटतो, आणि तुमचा वर्षभराचा सराव तिथेच होणार. शिवाय ज्या स्पर्धेत दुसऱ्याच्या मागे चिकटून जायला, म्हणजे ड्राफ्टिंगला परवानगी असते, तिथे ट्रायथलॉन बाइक चालतच नाही. नाव नोंदवण्याआधी नियम वाचा.

तुमच्या ‘साध्या’ बाइकवर क्लिप-ऑन, म्हणजे हॅंडलला वरून बसवायचे एरोबार लावता येतात. त्यासाठी दुकानात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मागा. हॅंडल स्टेमजवळ गोल आहे का, जाडी ३१.८ मिलिमीटर आहे का, आणि स्टेमच्या दोन्ही बाजूंना तो गोल भाग एरोबारचा क्लॅम्प, म्हणजे पकड, बसण्याइतका उरतो का, ते मोजा. चपटं एरो हॅंडल दिसतं देखणं, पण नेहमीचा क्लॅम्प त्याला धरत नाही. हॅंडल कार्बनचं असेल तर कंपनी एरोबारला परवानगी देते का तेही विचारा. एरोबार लावल्यावर मात्र सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते, कारण आता सगळं अंगच पुढे झुकतं. सीटपोस्ट (सीटचा दांडा) गोल असेल तर ऑफसेट नसलेला, म्हणजे सीट मागे न नेणारा पोस्ट टाकून दोनेक सेंटिमीटर मिळतात. एरो फ्रेमचा पोस्ट तिच्याच घाटाचा. कंपनी देईल तेवढंच.

बाकी गोष्टींवर डोकं फार खपवू नका. पुढे ५०/३४ दातांची चक्रं, मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच), टायर २८ मिलिमीटर. गिअर शिमानो १०५ चे मिळाले तर छान, त्याच कंपनीचे खालच्या श्रेणीचे टियाग्रा असले तरी अडत नाही. रोड बाइकसोबत बहुधा पॅडल येत नाहीत, तेव्हा पॅडल, बूट आणि हेल्मेटचे पैसे बाजूला ठेवा. हो, आणि स्पर्धेत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावला तर दंड होतो. त्याचीही सवय आत्तापासूनच लागू दे.

प्रश्न : घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) सायकल चालवल्याने फ्रेम खराब होते का?

उत्तर : फ्रेमपेक्षा घामाची काळजी करा. रस्त्यावर तो वाऱ्याने वाळतो, घरात थेट हॅंडलवर आणि हेडसेटच्या (हॅंडल फिरतं त्या सांध्याच्या) बोल्टवर ठिबकतो. हॅंडलच्या टेपखाली तो मुरत राहिला की ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि धातू आतून खात जातो. वरून काही दिसत नाही. हॅंडलवर पंचा टाका, चालवून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि टेप बदलताना खालचा धातू नीट तपासा. फ्रेम कार्बनची असेल तर वॉरंटीत ट्रेनर चालतो का ते बघून घ्या. मागचं चाक काढून बसवायचा ट्रेनर असेल, तर तुमच्या सायकलचा ॲक्सल (चाकाचा आस) खटक्याने सुटणाऱ्या क्विक रिलीजचा आहे की आरपार जाऊन आट्यांनी आवळायचा १२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल, हे आधी पाहा. त्याचे ॲडॅप्टर वेगळे असतात आणि खोक्यात दोन्ही असतीलच असं नाही.