'एअर पॉकेट', भोवरा आणि भोवंडलेली हवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांची कन्या लंडनहून न्यूयॉर्कला जात असताना अटलांटिक महासागरावर विमान जोराने हलले, तेव्हा वैमानिकाने घोषणेत 'टर्ब्युलन्स' असा शब्द वापरला. आपल्याकडे मात्र जो तो 'एअर पॉकेट' म्हणतो आणि वर्तमानपत्रे त्याचे 'हवेची पोकळी' असे भाषांतर करतात. यांतले बरोबर काय, आणि या प्रकाराला मराठी शब्द आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

'हवेची पोकळी' हा प्रयोग आता थांबला पाहिजे. वातावरणात रिकामी जागा नसते. विमान खाली जाते ते खाली वाहणाऱ्या हवेच्या झोतात शिरल्यामुळे, आणि तेथेही पंखांखाली हवा असतेच. या एका चुकीच्या शब्दाने वाचकाच्या मनात दरी उभी राहते आणि मग बातमीही दरीत कोसळते. लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे विमान २१ मे २०२४ रोजी म्यानमारमधील इरावतीच्या खोऱ्यावर, सुमारे ३७,००० फुटांवर, जबर हादरले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. विमान 'सहा हजार फूट कोसळले' असे आपण सर्वांनी वाचले. प्राथमिक तपासात निघाले ते असे, की त्या जीवघेण्या क्षणी विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आले होते. सहा हजार फुटांची उतरण त्यानंतरची, वैमानिकांनी स्वतः ताब्यात ठेवून केलेली होती. माणसे छताला आपटली ती त्या १७८ फुटांत, कारण त्यांतले बरेच जण पट्टा न बांधता बसले होते.

शास्त्रीय शब्द घडवणारे परिभाषाकार 'टर्ब्युलन्स'साठी 'संक्षोभ' सुचवतात. संस्कृतात 'क्षुभ्' म्हणजे ढवळणे, हे मला मान्य आहे. परंतु मराठीत क्षोभ म्हणजे राग. जनक्षोभ, प्रक्षोभक भाषण हे शब्द रोज कानांवर पडत असताना 'विमान संक्षोभात सापडले' या वाक्याचा अर्थ सामान्य वाचकाने काय लावावा, याचा विचार परिभाषाकारांनी केलेला दिसत नाही. धातू शुद्ध असला म्हणून शब्द चालतोच असे नाही. 'वावटळ' चालणार नाही, कारण ती डोळ्यांना दिसते, जमिनीवरून धूळ घेऊन उठते. आणि 'हेलकावा' नावेचा, संथ लयीचा आहे.

आता मुद्द्याचे. इंग्रजी 'टर्ब्युलन्स'च्या मुळाशी लॅटिन 'टुर्बा' म्हणजे गोंधळ, गर्दी. त्याच घराण्यातला शब्द 'टुर्बो', आणि त्याचे अर्थ दोन : वावटळ, आणि मुलांच्या खेळातला भोवरा. 'टर्बाइन' यातूनच आले. लॅटिनमध्ये दुसरे एक घराणे आहे, 'फिरणे' या अर्थाच्या धातूचे. त्यातून 'व्हॉर्टेक्स' म्हणजे पाण्याचा भोवरा, त्याचेच रूप 'व्हर्टेक्स' म्हणजे डोक्याचा माथा, आणि 'व्हर्टिगो' म्हणजे भोवळ निघाली. आता मराठीकडे पाहावे. जाळी गुंडाळून फेकतो तो भोवरा. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलाच्या खांबांमागे गरगरतो तो भोवरा. डोक्याच्या माथ्यावर केस जेथून फिरतात तो भोवरा, आणि बैलबाजारात खोंडाच्या कपाळावर जाणकार शेतकरी जो पाहतो तोही भोवराच. घेरी आली तर ती भोवळ. लॅटिनने दोन घराण्यांत वाटून ठेवलेले अर्थ मराठीने 'भ्रम्' या एका धातूच्या पोटात ठेवले आहेत.

संस्कृत 'भ्रमर', प्राकृत 'भमर', मराठी 'भोंवरा'. स्वरांमधल्या म-चा अनुनासिक व झाला, जसा ग्रामचा गांव आणि नामचे नांव झाले. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि 'भोवरा' उरला. पण गेलेला तो टिंब मूळच्या म-ची खूण होता, हे शिकवले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. 'भोवती' याच कुळातला. माझ्या मते 'केलेले कर्म भोवले' यातले भोवणेही तेच : कर्म गरगर फिरून कर्त्याच्या भोवती येते. काही जण हे भोवणे 'भोगणे'चा अपभ्रंश मानतात. त्यांनी जुन्या मराठीत 'भोंवणे' म्हणजे फिरणे हा सरळ अर्थ आहे, तो आधी पाहावा. भोगण्यात फिरणे कोठेच नाही, भोवण्यात ते उघड आहे.

शास्त्राच्या दृष्टीनेही भोवराच अचूक आहे. विमानाला हलवणारी हवा म्हणजे साधारण शंभर मीटर ते एक किलोमीटर व्यासाच्या भोवऱ्यांची गर्दी. उंचावरील वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेला, जेथे वाऱ्याचा वेग थोड्या अंतरात झपाट्याने बदलतो, तेथे ते निरभ्र आकाशातही तयार होतात आणि विमानाच्या रडारला दिसत नाहीत, कारण ते रडार ढगातले पाणी पाहते.

म्हणूनच महासागरावर शब्दाला फार मोल असते. नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ उंचावरूनही सुमारे २०० सागरी मैलांपर्यंतच पोहोचतो. त्यापुढे आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होणाऱ्या लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओ लहरी, नाहीतर उपग्रहामार्गे जाणारे लेखी संदेश. एचएफवर खरखर इतकी असते की वैमानिक ती सतत ऐकत बसत नाहीत; 'सेलकॉल' या व्यवस्थेत जमिनीवरून ठरावीक स्वर पाठवले की त्याच विमानात घंटा वाजते. तास तासभर आवाज नसणे हा तेथला रिवाज आहे, त्याला 'संपर्क तुटला' म्हणू नये. पुढे गेलेले विमान १२३.४५ मेगाहर्ट्झवर मागच्यांना हवेची खबर देते, आणि ती मोजक्या शब्दांत : सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. ढग टाळून वळायचे असेल तर वैमानिक 'वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड' एवढे उच्चारतो आणि त्याला प्राधान्य मिळते. परवानगी वेळेत मिळालीच नाही, तर तो आसपासच्या विमानांना आपली जागा आणि इरादा कळवत वळतो, आणि मार्गापासून पाच सागरी मैल दूर गेल्यावर दिशेनुसार ३०० फूट वर किंवा खाली येतो, म्हणजे शेजारच्या मार्गावरील विमानाच्या उंचीशी गाठ पडत नाही. तोवर वेग कमी केलेला असतो, आत ट्रॉल्या अडकवलेल्या असतात आणि केबिनमधील कर्मचारीही पट्टा बांधून बसलेले असतात.

हे वैमानिक दोन गोष्टी वेगळ्या सांगतात, आणि आपल्या पत्रातला प्रश्न येथे सुटतो. उंचीत फरक न पडता खडबडीत रस्त्यासारखे बसणारे भराभर धक्के, त्यांना ते 'चॉप' म्हणतात. एसटीने प्रवास करणाऱ्या कोल्हापूरकराला यासाठी शब्द शोधावा लागणार नाही : गचके. उंची किंवा विमानाचा तोल बदलतो तेव्हा 'टर्ब्युलन्स'. त्याला मी 'भोवंड' म्हणतो, आणि क्रियापद 'भोवंडणे' आपल्याकडे आहेच. कन्येची हकिकत शेजारी सांगताना आपण असे म्हणावे : 'अटलांटिकवर आधी थोडे गचके बसले, मग हवा भोवंडली, आणि पुढच्या विमानाने खबर दिल्यामुळे वैमानिकाने आधीच सगळ्यांना पट्टे बांधायला लावले होते.'