खुन्याला मोकळं रान कसं मिळतं? वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात साठच्या दशकातल्या मुंबईतला खुनी रमण राघव याच्यावर लिहिताना मी म्हटलं होतं, की सीरियल किलरच्या मनाचा तळ शोधण्याच्या नादात आपण त्याचे बळी कोण होते हे पाहायचंच विसरतो. गुन्हेशास्त्रातले जे सिद्धान्त बळींकडे आणि जागेकडे बघतात ते मला जास्त कामाचे वाटतात, असंही त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच रागावलेली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

ताई, रमण राघवला स्किझोफ्रेनिया होता हे डॉक्टरांनीच सांगितलं ना? मग सरळ आजाराचा मामला असताना समाजशास्त्र मध्ये कशाला? (पुणे)

आजार होता, त्यात वाद नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि पुढे १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये तो तुमच्याच पुण्यात, ससून रुग्णालयात वारला. पण निदानाने ‘का’ या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मिळतं, ‘कुणाला’ याचं मिळत नाही. हाच आजार असलेली असंख्य माणसं आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत, उलट मारच खातात.

आता बळींकडे पाहा. पहिली मालिका १९६५-६६ ची, मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेलाइनच्या कडेने. दुसरी १९६८ ची, पश्चिम उपनगरांत. दोन्ही वेळा झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली गरीब माणसं, आणि झोपेत डोक्यात जड वस्तूचा घाव. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘रुटीन ॲक्टिव्हिटी थिअरी’ इथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी सापडणारं सावज आणि राखणीला कुणीच नसणं, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. साठच्या दशकातली मुंबई दुसरी आणि तिसरी गोष्ट रोज रात्री मैलोन्‌मैल पुरवत होती. बंगल्यात राहणाऱ्याच्या दाराला कडी होती, फाटकावर गुरखा होता. फुटपाथवरच्याला चादर होती. राघवच्या डोक्यात कसले आवाज घुमत होते ते आपण कधीच नीट सांगू शकणार नाही, पण घाव कुणावर पडणार हे शहराच्या राहणीने ठरवून ठेवलं होतं.

पहिल्या मालिकेच्या वेळी तो पोलिसांच्या हाती लागलाही होता, ठोस पुरावा नाही म्हणून सुटला. अखेर २७ ऑगस्ट १९६८ ला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून ओळखून त्याला पकडलं आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या देखरेखीखाली तपास झाला. कबुली द्यायच्या आधी त्याने कोंबडी मागितली, हा किस्सा मुंबईत अजून चवीने सांगतात. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्या सांगणाऱ्याला माहीत नसतं.

जाता जाता: डॉक्टरांच्या लेखी आजारी आणि कायद्याच्या लेखी वेडा, या दोन वेगळ्या गोष्टी. भारतीय दंडसंहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२, एवढंच विचारतं की कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता मनोविकारामुळे गेली होती का. निदानाचा कागद दाखवला की सुटका, असं नसतं.

महानंद नाईक आमच्या भागातला. पंधरा वर्षं एवढ्या मुली नाहीशा होत राहिल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही, हे तुमच्या थिअरीत बसतं का? (फोंडा, गोवा)

बसतं, आणि थिअरीला थोडं पुढेही नेतं. ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: शिरोड्याचा हा माणूस, एकेकाळी रिक्षा चालवायचा. एप्रिल २००९ मध्ये पकडला गेला. १९९४ पासून सोळा स्त्रियांना मारल्याची कबुली त्याने दिली असं पोलिसांनी सांगितलं. त्यातल्या मोजक्याच खटल्यांत शिक्षा झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. इतक्या वर्षांनी पुरावा उरणार तरी कुठून?

पोलिसांनी सांगितलेली पद्धत अशी. बेताच्या परिस्थितीतली, लग्न लांबलेली मुलगी हेरायची. नाव खोटं सांगायचं, लग्नाचं वचन द्यायचं. मग भेटीचा दिवस ठरवून दागिने घालून यायला सांगायचं. एकांत गाठला की तिच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि सोनं विकून मोकळं व्हायचं.

इथे राखण करणारं कोण, हा खरा प्रश्न आहे. कोहेन-फेल्सन यांच्या लेखी राखणदार म्हणजे फक्त पोलीस नव्हेत. शेजारीण, वहिनी, दुकानाचा मालक, ‘ती अजून आली कशी नाही?’ असं विचारणारं कुणीही. महानंदच्या बाबतीत हे विचारणारे तोंडात गुळणी धरून बसले, कारण मुलगी दागिन्यांसकट गेलेली, म्हणजे कुणाबरोबर तरी पळून गेली असणार. तक्रार द्यावी तर गावात नाचक्की, धाकट्या बहिणीचं लग्न अडणार. जिथे तक्रार दिली गेली तिथेही चौकीवरचा समज तोच: गेली असेल कुणाचा हात धरून, येईल परत. अमेरिकी अभ्यासक स्टीव्हन एगर यांनी अशा बळींना ‘कमी मेलेले’ म्हटलं, म्हणजे जिवंतपणीच समाजाच्या हिशेबात ज्यांची किंमत कमी धरली होती, ते मेल्यावर कुणाची झोप उडत नाही. एगर यांच्या डोळ्यांसमोर वेश्या, बेघर, घरातून पळालेली पोरं होती. गोव्यातल्या या मुली तशा नव्हत्या. घरदार असलेल्या, नात्यागोत्यातल्या होत्या. त्यांना ‘कमी मेलेलं’ केलं ते लोकलाजेने, आणि ती लाज खुन्याला आयती मिळाली. दागिने घालून ये, या एका वाक्यात त्याची कमाईही होती आणि तिच्या नाहीसं होण्याचं सगळ्यांना पटेल असं कारणही होतं. इतका धूर्त बंदोबस्त करायला फार हुशारी लागत नाही. गावाची नाडी माहीत असावी लागते.

तुम्ही पत्रात असंही विचारलंय की हुंड्याचा संबंध आहे का. माझ्या मते आहे. रॉबर्ट मर्टन यांचा ताणाचा सिद्धान्त आपण नेहमी गुन्हेगाराला लावतो: समाजाने दाखवलेलं ध्येय आणि ते गाठायची साधनं यांत दरी पडली की माणूस आडवाटेला लागतो. इथे तो मला बळींना लावावासा वाटतो. लग्न झालंच पाहिजे हे ध्येय, आणि त्यासाठी लागणारा पैसा घरात नाही. त्या दरीत ‘मला हुंडा नको’ म्हणणारा माणूस देवासारखा भेटला, तर त्याची चौकशी कोण करत बसणार?

माझा नऊ वर्षांचा मुलगा अजून अंथरूण ओलं करतो. ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं ही सीरियल किलरची तीन लक्षणं आहेत असं वाचलं. झोप उडाली आहे. (नाशिक)

शांत झोपा. १९६३ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञाने हिंसेच्या धमक्या देणाऱ्या आपल्या काही रुग्णांच्या निरीक्षणावरून हे त्रिकूट मांडलं आणि टीव्हीवाल्यांनी ते उचललं. पुढच्या अभ्यासांत ते भाकीत म्हणून टिकलं नाही. नवव्या वर्षी अंथरूण ओलं होणं हा बालरोगतज्ज्ञाचा विषय आहे, त्यांना दाखवा. आणि मुलाला रागावू नका. मूल प्राण्यांना मुद्दाम छळत असेल तर मात्र दुर्लक्ष नको, कारण त्याच्यावर कुणी हात टाकतंय का, हे तपासण्याची वेळ आलेली असू शकते.

गरीब आणि अशिक्षित माणसांचंच तुम्ही सांगता. सुशिक्षित माणूस असं करतो तेव्हा कोणता सिद्धान्त? (ठाणे)

हॅरॉल्ड शिपमन घ्या. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला फॅमिली डॉक्टर. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल दोषी ठरला. पुढे न्यायाधीश जेनेट स्मिथ यांच्या चौकशीत २१५ बळी निश्चित झाले. बहुतेक म्हाताऱ्या बायका, पुष्कळशा एकट्या राहणाऱ्या. डॉक्टर घरी येऊन डायमॉर्फिन या जालीम वेदनाशामकाचं इंजेक्शन द्यायचा. मृत बाई अंगभर कपड्यांत, खुर्चीत नीट बसलेली सापडायची, जणू आत्ताच डुलकी लागली आहे. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या हे नजरेत आलं होतं.

ताणाचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो, कारण मान, पैसा, संसार सगळं होतं. ‘आत्मसंयमाचा अभाव’ हेच गुन्ह्याचं मूळ मानणारा गॉटफ्रेडसन आणि हिर्शी यांचा सिद्धान्तही बसत नाही. वीसेक वर्षं दवाखाना आणि खून दोन्ही सांभाळणाऱ्याला संयम नव्हता कसं म्हणणार? आईला मरणापूर्वी मॉर्फिन दिलं जाताना त्याने सतराव्या वर्षी पाहिलं होतं, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला ते ऐकायला बरं, पण सिद्ध करायला अशक्य वाटतं.

पुन्हा राखणीवरच यावं लागतं. शिपमनच्या बाबतीत राखणदार कागदोपत्री हजर होते. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, आणि ती मिळत राहिली, कारण डॉक्टरवर डॉक्टर संशय घेत नाही. पेथिडिन या वेदनाशामकाच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल १९७६ मध्ये त्याला दंड झाला होता, तरी परवाना शाबूत राहिला. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांनी मृत्यूंचं प्रमाण पाहून धोक्याची घंटा वाजवली. पोलिसांनी वरवर चौकशी करून फाइल बंद केली आणि त्यानंतर आणखी तीन बायका गेल्या. तो अडकला कशात? एका ८१ वर्षांच्या पेशंटचं मृत्युपत्र स्वतःच्या नावे बनवलं, आणि तिची मुलगी निघाली वकील. दवाखान्यातल्या संगणकात त्याने जुन्या तारखा घालून आजारपणाच्या खोट्या नोंदी केल्या होत्या. नोंद खरोखर कधी टंकली याची वेळ यंत्राने गुपचूप टिपून ठेवली होती.

गावित बहिणींनी गरिबीपोटी केलं असं म्हणतात. तुम्हाला पटतं? (इचलकरंजी)

नाही. गरिबीने पाकीटमारी समजते, पुढचं समजत नाही.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनी १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलं पळवली आणि त्यांतल्या पाचांचे खून न्यायालयात सिद्ध झाले. सुरुवात कशी झाली ते बघण्यासारखं आहे. देवळाच्या गर्दीत चोरी करताना रेणुका पकडली गेली, तेव्हा तिच्या कडेवर स्वतःचं मूल होतं. लेकुरवाळी बाई चोरी करेल का, असा कांगावा केला आणि लोकांनी सोडून दिलं. तिथे धडा मिळाला: मूल असलं की सुटता येतं. मग मुलं पळवायची, गर्दीत वापरायची, आणि रडायला लागली, ओझं झाली की संपवायची. एकदा चोरी अंगाशी आल्यावर लोकांचं लक्ष उडवायला अंजनाबाईने कडेवरचं पोर जमिनीवर आपटलं.

एडविन सदरलँड म्हणतात की गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांत, आणि हातोटीबरोबर त्याचं समर्थनही शिकलं जातं. आईच म्होरकी असलेल्या घरात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसत असेल. त्याला नफातोट्याच्या हिशेबाची, म्हणजे ‘रॅशनल चॉइस’ची जोड द्या. तेवढं पुरतं. ‘बाई असून असं कसं केलं’ हा सूर त्यांच्या बाबतीत फार लागला. अहो, बाई आणि कडेवर मूल यावर कुणी संशय घेत नाही, याच जोरावर तर ते सहा वर्षं चाललं.

चेहऱ्यावरून किंवा कवटीवरून गुन्हेगार ओळखता येतो का? (लातूर)

नाही. चेझारे लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये तसा दावा केला होता, तो कधीच निकालात निघाला. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पारध्यांच्या पालावरच जातात. आता बोला.

गुन्हेशास्त्रात एम.ए. करतोय. प्रबंधिकेसाठी सीरियल किलर घ्यायचा आहे. संघटित की असंघटित, या एफबीआयच्या वर्गीकरणावरून सुरुवात करू का? (मुंबई)

करू नकोस. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शंभर मालिका-खुनांचे तपशील लावून पाहिले, तेव्हा हे दोन कप्पे, म्हणजे बेत आखून मारणारे आणि भरात मारणारे, वेगळे निघालेच नाहीत. वेब सिरीज पाहून केस निवडू नकोस आणि चार सिद्धान्त एका माणसावर चिकटवू नकोस. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ प्रबंधिका तशाच असतात. एक केस, एक सिद्धान्त घे, आणि तो कुठे तुटतो ते दाखव.

गावित प्रकरणच घे. सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २००६ चा निकाल सहज मिळतो. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला होता, त्याच्या साक्षीपासून वाचायला लाग. प्रत्येक मुलासाठी एक ओळ आख: कुठून उचललं, त्या वेळी बरोबर कोण होतं, हरवल्याची तक्रार कधी झाली, दोन घटनांचा धागा कुणी आणि केव्हा जोडला. शेवटचा रकाना भरताना जास्त वेळ लागेल, तिथे घाई करू नकोस.