प्राग की व्हिएन्ना?

प्रश्न: मे महिन्यात आईला घेऊन सहा दिवस युरोपला जायचंय, प्राग की व्हिएन्ना यावरून घरात रोज वाद चाललाय. आईचे गुडघे दुखतात, शिवाय ती पक्की शाकाहारी. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: गुडघे म्हणालात तिथेच माझं मत व्हिएन्नाला पडलं बघा. प्राग दिसायला जास्त देखणं, पण जुन्या भागात जिकडेतिकडे दगडी फरसबंदी आणि किल्ला टेकडीवर, म्हणजे पर्वती चढल्यासारखंच (22 नंबरची ट्राम वरपर्यंत नेते म्हणा). तिथल्या जुन्या चौकातलं ते 1410 चं घड्याळ बघायला तासातासाला ही गर्दी, बाहुल्या फिरतात नि मिनिटभरात खेळ खल्लास! व्हिएन्नात कसं, ट्राममध्ये बसून जुन्या शहराभोवतीचा रिंगरस्ता बघायचा, शॉनब्रुन राजवाड्याची बाग फुकट, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी, बिनधास्त बाटली भरा. खर्च थोडा जास्त होईल. आईंना सफरचंदाचं श्ट्रूडल (पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला गोड पदार्थ) नक्की खायला घाला, फक्त आधी अंड्याचं विचारून घ्या, आणि थेपले इथूनच न्या.

अगदीच राहवत नसेल तर प्राग ट्रेनने चारेक तासांवर आहे, एक रात्र जाऊन या. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) दोन्हीकडे एकच चालतो, पण जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडेच अर्ज करायचा हं.