बाईंच्या पर्समध्ये पिस्तूल?

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत ओहायोमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, आता तिकडचीच सिटिझन आहे. शाळेनं स्टाफला विचारलंय की ट्रेनिंग घेऊन पिस्तूल जवळ ठेवायला कोण तयार आहे. ती म्हणते, आई, उद्या कुणी बंदूक घेऊन वर्गात शिरला तर मी हात बांधून बसू का? मला झोप नाही. इकडे पुण्यातही पोरांच्या दप्तरात कोयते सापडल्याचं कानावर येतं, म्हणून आमचे हे म्हणतात आपल्याकडेही हेच पाहिजे. तुम्ही इतकी वर्षं शाळेत काढलीत, तुम्हाला काय वाटतं?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : ताई, मुलीचा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेतल्याच सँडी हूक शाळेत 2012 मध्ये झालेल्या गोळीबारात 20 लहान लेकरं आणि शाळेतली 6 मोठी माणसं गेली, त्यानंतर तिथल्या कुठल्याही शिक्षिकेला वर्गात पाऊल टाकताना दाराकडं बघावंसं वाटणारच. तरी माझं मत स्पष्ट सांगते, तिनं नाव देऊ नये.

ओहायोत 2022 चा कायदा आला त्याआधी शाळेत हत्यार बाळगायला पोलिसासारखं 700 तासांच्या वर ट्रेनिंग लागायचं, आता जास्तीत जास्त 24 तास सक्तीचे. तीन दिवस! त्याच वर्षी टेक्सासमध्ये युवाल्डीच्या शाळेत बंदूकधारी शिरला तेव्हा पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले होते, हत्यारं होती, ट्रेनिंग होतं, आणि तरी तो होता त्या वर्गात शिरायला 77 मिनिटं गेली. मग 25 पोरं अंगाला बिलगलेली असताना आपल्या बाईंनी नेम धरायचा?

आणि ते पिस्तूल रोज ठेवायचं कुठं हो? मी दुसरीला शिकवायचे तेव्हा एकदा पर्स टेबलावर ठेवून दोन मिनिटं ऑफिसात गेले, परत आले तर एक चिमुरडी माझा चष्मा घालून खुर्चीत बसून हजेरी घेत होती, पर्समधलं सगळं टेबलावर मांडलेलं, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी, सुटे पैसे. तेव्हा मी हसले होते. आमच्या शाळेत एनसीसी होतं, फायरिंगच्या दिवशी साध्या पॉइंट टू टू रायफलच्या झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या केससुद्धा मोजून परत घ्यायचे, एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी रेंज सोडायची नाही. हत्याराला इतकी शिस्त लागते, ती वर्गात रोज कोण पाळणार?

पाकिस्तानात हे करून झालंय. पेशावरच्या आर्मी स्कूलवर डिसेंबर 2014 मध्ये हल्ला झाला, 130 वर मुलं मारली, मग तिथल्या खैबर पख्तुनख्वा प्रांताच्या सरकारनं शिक्षकांना शस्त्र ठेवायला परवानगी दिली, आणि 2015 च्याच जुलैत स्वातमध्ये एका शिक्षकाच्या हातून पिस्तूल साफ करताना गोळी सुटून त्याच्याच शाळेतला एक मुलगा गेला. मला ती बातमी अजून विसरता येत नाही.

तुमच्या मिस्टरांना सांगा, आपल्याकडं शस्त्र परवान्याच्या अटींतच आहे की हत्यार शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. ती अट राहू दे.

मग करायचं काय? अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या यंत्रणेनं, शाळांतले 37 हल्ले तपासून 2002 मध्ये रिपोर्ट दिला, त्यात दहातल्या आठ वेळा तरी कुणाला ना कुणाला, बहुतेक वेळा बरोबरीच्या पोरांनाच, आधी कुणकुण होती, आणि बंदूक बहुतेकदा हल्ला करणाऱ्या पोराच्या स्वतःच्या नाहीतर नातेवाइकाच्या घरातली. म्हणून मुलीनं मुख्याध्यापकांना विचारावं की वर्गाचं दार आतून लॉक होतं का, आणि पोरांना काही कळलं तर त्यांनी कुणाला सांगायचं ठरलंय.

माझ्याकडं नववीचा वर्ग होता तेव्हा एक मुलगा सुट्टीनंतर बाटली भरायचं निमित्त करून मागं रेंगाळला आणि नळाकडं बघतच म्हणाला, बाई, अमक्याच्या दप्तरात सुरा आहे, माझं नाव सांगू नका. माझ्या कमरेला पिस्तूल असतं तर तो मित्राचं नाव घेऊन माझ्याकडं आला असता का, मला नाही वाटत. त्या दुसऱ्याला मी एकट्याला बोलावलं, सुरा त्यानं स्वतःच काढून दिला आणि ढसाढसा रडला. क्लासला जाताना चौकातली मोठी पोरं त्याला रोज मारायची, पैसे काढून घ्यायची, घरी सांगायची भीती. आईला बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः त्याला क्लासला सोडायला जायला लागली, आणि चौकातल्या त्या पोरांसाठी मी नि मुख्याध्यापक चौकीत जाऊन आलो.