बाबांना लकवा झाला, पंजा घासत चालतात, रोबोटिक अँकल ब्रेस घ्यावा का?

माझ्या आईचंही असंच झालं होतं, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, म्हणून मनापासून सांगते, आत्ता लगेच नका घेऊ. पंजा वर उचलला जात नाही त्याला फूट ड्रॉप म्हणतात, बोटं फरशीला अडकतात न माणूस पडतो. साधा प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा न पंजा सरळ धरणारा ब्रेस, पंजा धरून ठेवतो पण पुढे जाताना पावलाने जमीन मागे ढकलायला जी ताकद लागते ती तो देत नाही, आणि चाल हळू होण्यात ती ताकद नसण्याचा मोठा वाटा असतो. रोबोटिकमध्ये सेन्सर पावलाची वेळ ओळखतात आणि मोटर बरोब्बर त्या क्षणी आधी ढकलायला मदत करते मग पंजा उचलते. हार्वर्ड विद्यापीठाच्या कामातून आलेल्या रीस्टोर नावाच्या अशाच रोबोटिक सूटला अमेरिकेत 2019 मध्ये मंजुरी मिळाली, त्यात मोटर कमरेला असते न तिथून केबल घोट्यापर्यंत जातात, पण तो सेंटरमध्ये फिजिओसमोर वापरायचा, घरी जिन्यावर चढायला नाही. सध्या चांगल्या ऑर्थोटिस्टकडून (असे ब्रेस मापाने बनवणारा) मापाचा एएफओ करून घ्या, फिजिओ चुकवू नका. आणि हो, रोज रात्री ब्रेस काढला की कातडी लाल झालीय का ते तुम्ही स्वतः बघा, त्या पायाला दुखलेलं कळतच नाही बरेचदा.